गोड तोंडानं

सटवा मेला तो बबिताच्या हातचा पेढा खाऊन, आणि सगळ्या चकलांबा गावानं त्याबद्दल तिचे आभार मानले. ऐकायला विचित्र वाटेल, पण घडलं ते असंच. कुणी तिला बोल लावला नाही, कुणी वाकड्या नजरेनं बघितलं नाही. उलट बायका रस्त्यात थांबवून तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. आणि ती बिचारी आतून अशी थिजून गेली होती की कोण काय बोलतंय तेही तिच्या डोक्यात शिरत नव्हतं.

बबिता म्हणजे सोमेश्वरची बायको, ह्याच गावची सून. तालुक्याच्या एका संस्थेनं अंथरुणाला खिळलेल्या माणसांचं घरी जाऊन करायला गावोगावच्या बायका नेमल्या होत्या, त्यांतली ही चकलांब्याची. कुणाला लकवा मारलेला, कुणाचा खुबा मोडलेला, कुणी नुसतंच वयानं खाली बसलेलं. त्यांना कुशीवर वळवायचं, पुसून काढायचं, भरवायचं आणि घरच्यांना ते शिकवायचं, असं काम. बोलायला सोपं आहे. जिथं पोटचा पोरगा नाकाला रुमाल लावून उंबऱ्याबाहेर उभा राहतो, तिथं ही पदर खोचून आत शिरायची. वर घरोघरचं ऐकून घ्यायचं ते वेगळंच. सून सासूचं सांगणार, सासू सुनेचं, आणि हिचं ऐकायला कुणी नाही. सोमेश्वर वाईट माणूस नव्हता, पण ती घरी आली की म्हणायचा, आधी अंघोळ कर, मग बोल. तिची अंघोळ होईस्तोवर तो पारावर गेलेला असायचा.

तर हा सटवा. गावाबाहेरच्या धनगरवस्तीवरचा मेंढरंवाला. जन्म सगळा मेंढरांमागं पायी गेलेला, आणि एका सकाळी उठायला गेला तर उजवी बाजू उठलीच नाही. वाचा गेली, गिळणंही निम्मं गेलं. पोरगा परमेश्वर आणि सून मोहिनी मेंढरं घेऊन गंगाथडीला, गोदावरीच्या काठाला, उतरले होते. बाप पडला म्हणून मेंढरं काही उपाशी राहत नाहीत, त्यांना चाऱ्याकडं न्यावंच लागतं. मागं राहिली साखराबाई, सटवाची बायको, आणि तिच्या मदतीला बबिता.

सटवाला भरवणं हे नाजूक काम होतं. त्याला भिंतीला टेकवून ताठ बसवायचं, हनुवटी छातीकडं घ्यायची, चांगल्या बाजूनं चमचाभर घट्टसर पेज घालायची आणि ती खाली उतरल्याशिवाय दुसरा चमचा उचलायचा नाही. कोरडं काही द्यायचं नाही, टाळूला चिकटेल असं तर मुळीच नाही. बबितानं साखराबाईला हे इतकं बजावलं होतं की म्हातारी वैतागून म्हणाली होती, मला काय येडी समजतीस का. पहिले पहिले सटवा दातावर दात दाबून बसायचा. मग हळूहळू त्याला विश्वास बसला. पुढं पुढं तर बबिताचा हात समोर आला की तो आपणहून तोंड उघडायला लागला. तिला त्याचं फार कौतुक वाटायचं, आणि का वाटू नये?

आणि माणूस सुधारत होता बरं का. अर्ध्या तोंडानं हसायचा. दारात शेळी घुसली की घशातून असा काही आवाज काढायचा की शेळी उलट्या पावली पळायची, आणि दोघी बायका पोट धरून हसायच्या. एकच गोष्ट बिघडत चालली होती. पडून पडून त्याच्या पाठीला जखमा झाल्या होत्या. त्याला हवेची गादी पाहिजे होती. बबितानं संस्थेत सांगितलं, तिथं शिल्लक नव्हती. शेवटी ती हिय्या करून अर्जुनरावांच्या बंगल्यावर गेली.

अर्जुनराव म्हणजे गावचं मोठं प्रस्थ. जमीन चांगली, राजकारणात नाव, दारात कायम गाड्या. त्यांनी तिचं ऐकून घेतलं, बायकोला, म्हणजे बायनाबाईंना, चहा टाकायला सांगितला आणि गादी देऊ म्हणून शब्द दिला. नुसती गादी कशाला, चाकाची खुर्चीही देऊ. फक्त आमच्या पोराचा, आदिनाथचा वाढदिवस जवळ आलाय, त्याच दिवशी देऊ, म्हणजे कार्यक्रम होईल. आता जखमेला काय ठाऊक कुणाचा वाढदिवस कधी ते? ती वाढत राहिली, आणि बबिता रोज ती धूत वाढदिवसाची वाट बघत राहिली.

वाढदिवसाच्या सकाळी वस्तीवर धुरळा उडवत गाड्या आल्या. आदिनाथ पांढऱ्या कपड्यांत, मागं त्याच्या टोळक्यातली पोरं, फोटोवाला, बायनाबाईंच्या हातात पेढ्यांचं खोकं. सटवाला गादीवर नाही, तर नव्या खुर्चीत बसवलं. खांद्यावर शाल घातली, मांडीवर नारळ ठेवला. मग अर्जुनराव चार शब्द बोलले आणि बोलता बोलता बबिताला हाताला धरून पुढं घेतलं. म्हणाले, आम्ही काय, वस्तू देणारे. खरी सेवा ह्या पोरीची. अशी सून गावाला मिळाली हे गावाचं नशीब. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या दिवसांत तिच्या कामाला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. तिच्या सासूनं नाही, नवऱ्यानं नाही. तिला रडू येईल असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर ती त्या टाळ्यांनी पार विरघळली.

आपल्याकडं काही शुभ झालं की तोंड गोड करायचं असतं. ते केल्याशिवाय घेतलेली वस्तू घेतल्यासारखी वाटत नाही, आणि दिलेली दिल्यासारखी. बायनाबाईंनी खोकं उघडलं आणि पेढा सटवाच्या तोंडाकडं नेला. सटवानं दात आवळले. बायनाबाई हसून म्हणाल्या, आमच्या हातचं नको वाटतं. मग त्यांनी पेढा बबिताच्या हातात ठेवला.

“तूच भरव ग. तुझ्या हातचं खातो म्हणं.”

इथं बबितानं नाही म्हणायचं होतं. तिला ते येत होतं, तोंडात शब्द तयार होते. पण सगळे बघत होते, फोटोवाल्यानं गुडघा टेकला होता, आणि आत्ताच ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांचा हिरमोड कसा करायचा? तिनं मनाशी म्हटलं, चिमटीएवढा देऊ, काय होतंय. तिनं कडेचा तुकडा मोडला. तेवढ्यात आदिनाथ म्हणाला, अहो वहिनी, सबंध धरा, फोटोत दिसंना. तिनं सबंध धरला. तिचा हात समोर आला तसं सटवानं रोजच्यासारखं तोंड उघडलं.

पहिल्यांदा कुणाच्या लक्षातच आलं नाही. माणूस गुदमरला की खोकतो असं लोकांना वाटतं. सटवाला खोकताच आलं नाही. नुसते डोळे मोठे झाले आणि डाव्या हातानं त्यानं बबिताचं मनगट धरलं. कुणीतरी म्हणालं, ठसका लागला, पाणी द्या, आणि बायनाबाईंनी चांगल्या मनानं तांब्या त्याच्या तोंडाला लावला. बबितानं तो उडवून दिला. शिकवलं होतं ते सगळं तिनं केलं. त्याला पुढं वाकवलं, पाठीवर बुक्क्या घातल्या, तोंडात बोटं घालून चिकटलेला लगदा ओढून काढला. मागून कुणीतरी अजून टाळ्याच वाजवत होतं. सटवाचे ओठ काळेनिळे पडले. त्याला आदिनाथच्याच गाडीत घातलं, पण गाडी फाट्याला पोचायच्या आत त्याच्या बोटांची पकड सुटली. तिच्या मनगटावर वळ उठले होते. ती त्या वळांकडं बघत बसली.

आता मजा बघा. मजा म्हणायला जीभ रेटत नाही, पण दुसरा शब्द कुठून आणू? संध्याकाळच्या आत गावभर एकच बोलणं झालं, सटवा गोड तोंडानं गेला. केवढं भाग्य. अंगावर शाल, मांडीवर नारळ, मोठी माणसं दारात, आणि जिनं लेकीसारखं केलं तिच्या हातचा शेवटचा घास. असं मरण राजालाही येत नाही म्हणे. अर्जुनराव मातीला आले आणि डोळे पुसून गेले. फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरला. बबिताचा हात, पेढा, सटवाचं उघडलेलं तोंड, आणि खाली हात जोडलेलं चित्र. सोमेश्वरनं तो तिला दाखवला आणि विचारलं, कावून रडतीस, नाव झालं की तुझं.

तिनं संस्थेच्या मंजुषाताईंना फोन लावला. त्या तिच्या वरच्या, त्यांनीच तिला सगळं शिकवलेलं. तिनं सरळ सांगितलं की मी पेढा भरवला, माझ्यामुळं गेला. मग त्यांनी विचारलं, घरचे काही म्हणाले का? नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग तूही विषय काढू नको, आपल्या कामात असं होतं, उद्यापासून दुसऱ्या घरांकडं बघ. बबिता फोन कानाला लावून तशीच उभी राहिली. असं होतं? असं कसं होतं? तिला कुणीतरी रागवावं, तिच्या अंगावर ओरडावं, म्हणजे निदान जे झालं ते झालं असं तरी वाटेल, इतकंच तिला पाहिजे होतं.

दहाव्याला परमेश्वर गंगाथडीहून आलेला होता. धिप्पाड माणूस, सगळ्या भावकीसमोर पुढं आला आणि तिच्या पायावर डोकं ठेवलं. म्हणाला, माझ्या बापाचं तू केलंस, माझ्यानं झालं न्हाई. बबिता दचकून मागं सरली. साखराबाई जवळच बसली होती. तिनं मान वर करून बबिताकडं एकदा बघितलं आणि लगेच डोळे फिरवले. बबिताला वाटलं, हिला कळलंय.

त्यानंतर बबिता साखराबाईकडं फिरकलीच नाही. रोज ठरवायची, आज जाऊन सांगते, आणि वस्तीचा रस्ता आला की पाय दुसरीकडं वळायचे. ती स्वतःला समजवायची, म्हातारीला एवढं समाधान तरी आहे की नवरा सुखानं गेला, ते आपण कशाला हिसकावून घ्यायचं? खरी गोष्ट अशी की तिला भीती वाटत होती.

मग ती म्हाळूच्या घरी गेली. म्हाळू म्हणजे गावातल्याच मुक्ताबाईचा नवरा, त्यालाही लकव्यानं पाडलेलं. त्याची वाचा गेलेली, पण कान शाबूत. बबितानं त्याला पुसलं, वळवलं, भिंतीला टेकवून बसवलं आणि पेजेचा चमचा समोर धरला. म्हाळूनं ओठ मिटून घेतले. तिला वाटलं, गरम असेल. तिनं फुंकर मारली, परत धरला. त्यानं मान भिंतीकडं वळवली. तिनं हळूच त्याची हनुवटी आपल्याकडं केली, तर त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि सगळं अंग थरथरत होतं. त्यानं दात असे आवळले होते की जबड्याची हाडं वर आली होती.

तिनं मुक्ताबाईला हाक मारून विचारलं, ह्यांना काय होतंय? मुक्ताबाई चुलीपासून उठली. तिनं आधी दार लोटलं. मग फडताळातून कागदात बांधलेलं काहीतरी काढून बबिताच्या ओंजळीत ठेवलं. कागदात पेढे होते.

“सटवाला सोडवलंस तसं ह्यालाबी सोडव. म्या कुणाला सांगायची न्हाई.”

बबिताच्या हातून चमचा पडला. तिनं काय ऐकलं ते तिला कळेचना. मुक्ताबाई खालच्या आवाजात बोलत राहिली. ती काही राक्षसीण नव्हती, दमलेली बाई होती, आणि उलट तिला वाटत होतं की आपण योग्य माणसाजवळ योग्य गोष्ट मागतोय. साखरीनंच सांगितलंय मला, म्हणाली. साखरीनं तुला इनवलं आणि तू तिचं ऐकलंस. लई उपकार केलेस. हे सगळं त्या माणसाच्या उशाशी उभं राहून चाललं होतं. त्याचे कान शाबूत आहेत हे त्याची बायको जणू विसरूनच गेली होती. आधीही त्या खोलीत हे बोलणं कुणाकुणाशी झालं असणार. म्हाळू कालपासून कुणाच्याच हातचं खात नव्हता.

बबिता पेढे तिथंच टाकून बाहेर पडली. भर दुपारचं ऊन, ती वस्तीपर्यंत पळतच गेली. साखराबाई छपराच्या सावलीत लोकर विंचरत बसली होती. बबितानं दम खायच्या आधीच विचारलं, मावशी, मुक्ताबाईला तुम्ही काय सांगितलंत?

साखराबाईचा हात थांबला नाही. “खरं हाय ते सांगितलं. त्याची पाठ धुताना तो वरडला, तवा मी तुला म्हणले व्हते, सोडव ग बाई ह्याला. तू काईच बोलली न्हाईस. पर मनात ठिवलंस.”

बबिता तिच्यासमोर खाली बसली. म्हणाली असेल म्हातारी. तिला ते आठवतही नव्हतं. ज्या घरी जावं त्या घरी कुणी ना कुणी हेच म्हणतं. लेकी म्हणतात, सुना म्हणतात, कधी कधी पडलेलं माणूस स्वतःच म्हणतं. त्या बोलण्याला आपण कान द्यायचा नाही, ते दमलेल्या माणसाचं बोलणं असतं, हे ती कधीच शिकली होती. आणि ह्या बाईनं इतके दिवस आपल्या त्या एका वाक्याला धरून, आपल्याच सांगण्यावरून नवरा मेला असं मानून, ही लोकर विंचरत दिवस काढले होते.

“मावशी, मी मुद्दाम न्हाई केलं,” बबिता म्हणाली. “तुमी म्हणलात ते माझ्या ध्यानातबी न्हवतं. समदे बघत व्हते, फोटू काढत व्हते, माझं कौतुक चाललं व्हतं. मला भारी वाटत व्हतं. पेढा द्यायचा न्हाई हे मला ठावं व्हतं, आन तरी म्या दिला.”

लोकर साखराबाईच्या हातातून सुटली. “माझ्या सांगण्यावरनं न्हाई?”

“न्हाई.”

“म्या न्हाई मारलं त्याला?”

“न्हाई मावशी.”

म्हातारीनं लांब श्वास घेतला. इतका लांब की बबिताला वाटलं आता ही परत सोडतच नाही. तिचे खांदे खाली आले, चेहरा सैल झाला. क्षणभर ती सुखावली, अगदी उघडउघड सुखावली. आणि मग ते सुख बबिताच्या डोळ्यांदेखत सरलं. तिनं बबिताकडं नीट बघितलं, पहिल्यांदाच बघत असल्यासारखं.

“मंग तू मारलंस,” ती म्हणाली.

“व्हय.”

“एका फोटूपायी.”

“व्हय मावशी.”

साखराबाईनं पडलेली लोकर गोळा करून बाजूला ठेवली. मग तोंडात पदर कोंबून रडली. म्हणाली, बरा व्हत व्हता ग तो. शेळीवर वरडत व्हता. त्याला जगायचं व्हतं. बबिता तिच्या पायाशी बसून ऐकत राहिली. म्हातारीला जवळ घ्यायची हिंमत तिला झाली नाही. रडताना म्हातारीनंही तिच्याकडं हात केला नाही.

मग बबितानं म्हाळूचं सांगितलं. मुक्ताबाईनं काय मागितलं आणि तो कसा तोंड मिटून बसलाय, सगळं. साखराबाईनं ऐकलं, डोळे कोरडे केले आणि उठली. चल, एवढंच म्हणाली.

म्हाळू होता तसाच भिंतीला टेकून होता. साखराबाईनं दार सताड उघडं टाकलं. मुक्ताबाईला काही बोलू दिलं नाही. खाटेच्या कडेला बसून ती त्याच्याशी बोलली, आणि आवाज एवढा मोठा की शेजारच्या बायका कामं टाकून दारात आल्या.

“म्हाळू भावजी, ऐका. माझ्या मालकाला कुणी सोडवलं न्हाई. हिच्या हातून चूक झाली, आन तो मेला. म्या बाहेर सांगितलं ते खरं न्हवतं. तुमाला कुणी काई करणार न्हाई.”

दारातल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. गोड तोंडानं गेला म्हणणाऱ्यांत त्या सगळ्या होत्या. त्यांच्या नजरा बबितावर आल्या आणि ह्या वेळी कुणी पाठीवरून हात फिरवायला पुढं आलं नाही. बबिताला शरमेनं धरणी दुभंगावी असं झालं. तरी ती हलली नाही. तिनं वाडग्यातली पेज ढवळली, चमचा भरला आणि म्हाळूसमोर धरला. “खावा बाबा,” म्हणाली.

म्हाळूनं तिच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. त्याचे ओठ मिटलेलेच राहिले.

साखराबाईनं तिच्या हातातून चमचा काढून घेतला आणि आपण धरला. म्हाळूनं तोंड उघडलं.

बबिता भिंतीशी सरकून उभी राहिली. तिथून ती सांगत होती, मावशी, हनुवटी खाली घ्या, चांगल्या बाजूनं घाला, उतरू द्या, घाई नको. साखराबाई ती सांगेल तसं करत होती. म्हाळू एकेक घास गिळत होता आणि प्रत्येक घासाआधी बबिताचे हात कुठं आहेत ते बघून घेत होता. तिनं ते पाठीमागं धरून ठेवले, त्याचं खाणं होईपर्यंत.